तेलाचा थेंब आणि वस्तीचे गटार

वर्षावासाचे महिने आणि डासांचे महिने एकच असतात. आषाढ पौर्णिमेला विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि त्याच सुमारास वस्तीतल्या बॅरलांत, जुन्या टायरांत, फुटक्या माठांत पाणी साचू लागते. गेल्या वर्षावासात आम्ही कागल तालुक्यातल्या बिद्री परिसरात एका विहारात वाचनासाठी गेलो होतो. वाचन संपले, चहा झाला आणि एक वयस्कर आई पुढे आल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, बॅरलात वळवळं किडं झाल्यात. नातू कालेजात जातोय, त्यो म्हणतोय गवती चहाचं तेल टाकलं की मरत्यात. तर टाकू काय? आन् दुसरं, किडं मारलं तर पंचशील मोडतंय का?"

विहारात काही जण हसले. परंतु त्या आईंनी एका दमात विज्ञानाचा आणि धम्माचा, असे दोन गंभीर प्रश्न विचारले होते. त्या रात्री आम्ही जे उत्तर दिले ते अर्धवट होते. ते पूर्ण करावे म्हणून हा लेख. त्यांनी न विचारलेला तिसरा प्रश्नही आहे: मुळात घरात बॅरल भरून ठेवण्याची वेळ त्यांच्यावर का आली? तो प्रश्न कायद्याचा आहे, आणि तो विचारणे आमचे काम आहे.

आधी नातवाचे म्हणणे तपासू. तो खोटे बोललेला नाही. डास पाण्यात जन्मतो. अंडे, अळी, कोष आणि डास ह्या त्याच्या चार अवस्था. त्यांपैकी पहिल्या तीन पाण्यात जातात. पावसाळ्यातल्या उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पाण्यात राहूनही अळी श्वास हवेतूनच घेते. म्हणून बॅरलात डोकावले की ती शेपूट वर आणि डोके खाली करून पृष्ठभागाला लोंबकळताना दिसते. हात हलवला की वळवळत तळाशी जाते आणि थोड्या वेळाने श्वासासाठी पुन्हा वर येते. उडणारा डास मारायला सारे गाव धुरावे लागते. अळी मात्र एका बॅरलात कोंडलेली सापडते. शहाणपण अळी मारण्यात आहे, हे आरोग्य खाते अनेक वर्षे सांगत आले आहे आणि ते बरोबर आहे.

सगळे डास सारखेही नाहीत. अंगावर पांढरे पट्टे असलेला एडीस डास घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि डेंग्यू व चिकुनगुनिया पसरवतो. ॲनाफिलीस हिवताप पसरवतो. क्युलेक्स गटारात, सेप्टिक टँकमध्ये, घाण पाण्याच्या डबक्यात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. हा फरक लक्षात ठेवावा. वस्तीत आत बॅरल आणि बाहेर तुंबलेले गटार असेल, तर एका घराला दोन्ही प्रकारचे डास मिळतात.

आता तेलाविषयी. येथे खोबरेल किंवा करडईसारखे तेल अभिप्रेत नाही. वनस्पतीचा पाला, फूल, साल वाफेवर ठेवली की वासाचे जे द्रव्य वाफेबरोबर उडून येते आणि थंड केल्यावर पाण्यावर तरंगते, ते हे सुगंधी तेल. ते उघडे ठेवले की उडून जाते. गवती चहा, निलगिरी, तुळस, निरगुडी, लवंग, ओवा, संत्र्याची साल ह्या सगळ्यांत असे तेल असते. गवती चहातला सिट्रल, लवंगेतला युजेनॉल, ओव्यातला थायमॉल ही द्रव्ये डासाच्या अळीला विषारी आहेत. ती अळीच्या शरीरात शिरून तिच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. भारतातल्या आणि जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे. कडुनिंबाचे तेलही अळीवर काम करते, पण ते बियांपासून गाळलेले तेल आहे आणि त्याची तऱ्हा निराळी. ते अळीची वाढ आणि कात टाकणे बिघडवते.

हा प्रयोग कसा करतात तेही वाचकांनी समजून घ्यावे, कारण तो गूढ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली त्याची पद्धत छापून दिली आहे. छोट्या भांड्यांत मोजून पाणी घ्यायचे, प्रत्येकात मोठ्या झालेल्या २५ अळ्या सोडायच्या, प्रत्येक भांड्यात तेलाची वेगवेगळी मात्रा मिसळायची आणि २४ तासांनी किती मेल्या ते मोजायचे. एका भांड्यात तेल अजिबात टाकायचे नाही. तिथल्या अळ्या जगल्या तरच बाकीच्या तेलाने मेल्या असे म्हणता येते. न्यायालयात आम्ही साक्ष तपासतो ती हीच रीत. ज्या भांड्यात तेल नाही त्या भांड्याची साक्ष घेतल्याशिवाय तेलाला श्रेय देऊ नये.

बिद्रीत दूधसाखर महाविद्यालय आहे. पंचक्रोशीतल्या वस्त्यांमधली मुले-मुली कॉलेजांत शिकतात. ज्यांच्या आज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांचा नातू आज घरी येऊन अळीवर बोलतो, ह्याचा आम्हाला अभिमान वाटतो. बाबासाहेबांनी शिक्षणाचा आग्रह धरला तो ह्यासाठीच. म्हणून त्या नातवाला गप्प बसवण्याचा आमचा हेतू नाही. उलट त्याने आपला प्रयोग भांड्यातून बॅरलापर्यंत नेऊन पाहावा, इतकेच आमचे म्हणणे आहे. बॅरलाशी आल्यावर हिशेब बदलतो.

हा हिशेब आम्ही त्याच्याबरोबर वहीवर मांडला. अनेक तेलांना अळ्या मारण्यासाठी दहा लाख भाग पाण्यात काही दशकांपासून शंभर-दोनशे भागांपर्यंत मात्रा लागते. आपण १०० धरू. म्हणजे एका लिटरला १०० मिलिग्रॅम. घरातले बॅरल २०० लिटरचे. म्हणजे एका बॅरलाला २० ग्रॅम तेल. गवती चहाच्या १०० किलो ताज्या पाल्यातून ४०० ग्रॅम तेल निघते असे धरले, तर २० ग्रॅमसाठी पाच किलो पाला हवा. तेल उडून जाते, त्यामुळे आठवड्याने पुन्हा टाकावे लागणार. ६० घरांची वस्ती, घरटी एक बॅरल. आठवड्याला १ किलो २०० ग्रॅम तेल आणि ३०० किलो पाला. पावसाळ्याचे १६ आठवडे धरले तर जवळजवळ पाच टन पाला. तो लावायचा कुणाच्या बांधावर? ज्यांना स्वतःचा बांध नाही, ते पाच टन गवती चहा आणणार कुठून? तुलनेसाठी सांगतो, आरोग्य खाते टेमिफॉस नावाचे जे अळीनाशक वापरते, त्याची मात्रा लिटरला एक मिलिग्रॅम आहे. २०० लिटरला एक ग्रॅमचा पाचवा हिस्सा.

पैशापेक्षा मोठा मुद्दा सुरक्षिततेचा. वनस्पतीपासून आले म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आमच्या समाजातही घट्ट बसलेली आहे. धोतराही वनस्पतीच आहे. निलगिरीचे तेल लहान मुलाने थोडेसे प्यायले तरी झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते. ज्या बॅरलातून तांब्या भरून मूल पाणी पिते, त्या बॅरलात असे तेल टाकू नये, हे आम्ही त्या आईंना त्याच रात्री स्पष्ट सांगितले. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही. साबणासारखे काही मिसळल्याशिवाय ते वरच्या वर तवंग धरून राहते. त्याच पाण्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडलेले असतील तर जास्त मात्रेत तेही मरू शकतात. आणि गटारातल्या घाण पाण्यात भांड्यातली मात्रा पुरत नाही, जास्त लागते.

मग तेल टाकाऊ आहे काय? नाही. जे पाणी कुणी पीत नाही, जिथून ते काढता येत नाही आणि जिथे मासे नाहीत, अशा छोट्या साचलेल्या जागांसाठी त्याचा उपयोग होऊ शकेल. एकाच रसायनावर विसंबले की डास त्याला सरावतात, हा धडा देशाने महाग किंमत देऊन घेतला आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि सुमारे आठ लाख मरत होते. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली, १९५८ साली निर्मूलनाची भाषा सुरू झाली आणि १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. विजय झाला असे समजून यंत्रणा सैल पडली, डास डीडीटीला सरावले आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. टेमिफॉसला दाद न देणाऱ्या डासांच्या नोंदीही जगात अनेक ठिकाणी झाल्या आहेत. म्हणून नवे उपाय शोधलेच पाहिजेत, आणि वनस्पतींची तेले हा त्यातला एक प्रामाणिक शोध आहे. परंतु शोध चालू असलेली गोष्ट उपाय म्हणून वस्तीच्या गळ्यात मारणे वेगळे.

हे आम्ही हवेत बोलत नाही. ऊसपट्ट्यातल्या एका गावात (नाव घेत नाही) तापाची साथ आली तेव्हा वस्तीत घरोघर एकेक छोटी बाटली वाटली गेली. बाटलीवर 'हर्बल' लिहिलेले, हिरव्या पानाचे चित्र. आतले द्रव्य काय, मात्रा किती, पिण्याच्या पाण्यात टाकायचे की गटारात, काहीच लिहिलेले नाही. वाटपाचा फोटो निघाला. ज्या गटारासाठी वस्तीने तीनदा अर्ज दिला होता, ते गटार फोटोच्या मागे तसेच तुंबलेले दिसत होते. आम्ही बाटली हातात घेऊन नोंदणी क्रमांक शोधला. नव्हता. कीटकनाशक अधिनियम, १९६८ प्रमाणे डास मारण्यासाठी म्हणून विकायच्या द्रव्याची नोंदणी करावी लागते. लेबलावर पान काढले म्हणून कायदा लागू होत नाही, असे कुठेही म्हटलेले नाही. नोंदणीशिवायचे द्रव्य गावच्या मुख्य गल्लीत आधी वाटून पाहण्याचे धाडस झाले असते काय, हा प्रश्न आम्ही तेव्हाही विचारला होता.

पाण्यात काहीतरी ओतले की प्रश्न मिटला, ही रीत ह्या देशाला जुनी आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात दही, दूध, शेण, गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले. बाबासाहेबांनी त्या ओतण्याला उत्तर दिले ते हक्काने. दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे खासगी असल्याचा दावा फेटाळला. पाण्याचा प्रश्न हक्काचा आहे, हे आपण महाडला शिकलो. मग डासांच्या बाबतीत आपण बाटलीवर समाधान का मानावे?

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. सल्ला अगदी बरोबर आहे. एडीसची मादी अंडी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या भिंतीवर चिकटवते आणि ती अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भिंत घासावी लागते. पण ज्या नळाला एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड पाणी येते, त्या घराने बॅरल ओतायचे म्हणजे दोन दिवसांचे पाणी ओतायचे. ज्या घरात चोवीस तास पाणी येते त्याला बॅरल लागत नाही, त्याला कोरडा दिवसही सोपा जातो. म्हणजे डासाची अळी ही अस्वच्छतेची खूण नसून अनियमित पाण्याची खूण आहे. तरी कंटेनर सर्व्हेत बॅरलात अळी सापडली की वस्तीतल्या बाईलाच रागावले जाते. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात भांगलण करून आलेल्या बाईने पाणी साठवले हा तिचा गुन्हा ठरतो आणि पाणी न सोडणारा निर्दोष राहतो!

गटाराचेही तसेच. गावाचा उतार बहुतेक ठिकाणी आपल्या वस्तीकडे असतो. हा निसर्गाचा योगायोग नाही. गावाने आपल्याला जी जागा राहायला दिली ती उताराच्या टोकाचीच होती. वरच्या गल्लीत गटार बांधले जाते, ते वस्तीच्या तोंडाशी येऊन संपते आणि साऱ्या गावाचे सांडपाणी तिथे डबके होऊन थांबते. त्या डबक्यात महिना दोन महिने तेल ओतत राहायचे की गटार पुढे न्यायचे? बिद्री परिसरात दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आहे. आजूबाजूचा सारा मुलूख उसाचा. ह्या मुलखात गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात आणि कोप्यांत राहतात. त्यांचेही पाणी ड्रममध्येच असते. त्यांना इथल्या ग्रामसभेत आवाज नाही. त्यांचा आवाज कुणी व्हायचे, हाही प्रश्न चळवळीने स्वतःला विचारावा.

कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ४७ प्रमाणे सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ग्रामसूचीतल्या विषयांची व्यवस्था करणे हे पंचायतीचे कर्तव्य आहे आणि त्या सूचीत आरोग्य, स्वच्छता, सांडपाणी, पिण्याचे पाणी हे विषय आहेत. तिथेच एक पळवाट ठेवलेली आहे: गावनिधी जितकी मुभा देईल तितपत. अर्ज घेऊन गेलो की उत्तर ठरलेले, "निधी नाही, वकीलसाहेब."

ह्या उत्तराला सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच जाब विचारला आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहराच्या एका वॉर्डातले लोक उघड्या गटारांना, मद्यार्क कारखान्यातून वाहणाऱ्या घाण पाण्याला, दुर्गंधीला आणि डासांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. नगरपालिकेने सांगितले, पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांच्या निकालाचा आशय असा की, माणसाच्या प्रतिष्ठेशी निगडित असलेल्या मूलभूत सोयी पैशांच्या सबबीवर नाकारता येत नाहीत. न्यायालयाने गटारे करायला लावली, घाणीचे खड्डे बुजवायला लावले, संडास बांधायला लावले आणि राज्याच्या हिवताप यंत्रणेलाही त्या वॉर्डातली डासोत्पत्ती थांबवण्याचे आदेश द्यायला सांगितले. 'रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद' हे नाव प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. त्या लोकांनी ज्या कलमाचा आधार घेतला ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी त्याखाली देऊ शकतात.

निधी नाही हेही नेहमी खरे नसते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. पूर्वी तिला आपण दलित वस्ती सुधार योजना म्हणत होतो. गटार, पाणी, रस्ता हीच तिची कामे. हा पैसा आपल्या गावात किती आला, कुठे खर्च झाला, वस्तीचे गटार आराखड्यात होते की नाही, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. २००५ साली मिळालेले हे हत्यार आपण अजून पुरते वापरत नाही.

आता त्या आईंचा धम्माचा प्रश्न. किडे मारले तर पंचशील मोडते काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यांत भेद केला आहे. बुद्धांना मारण्याच्या इच्छेचा निषेध करायचा होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लेकराला डेंग्यू होऊ नये म्हणून बॅरल घासणाऱ्या आईच्या मनात मारण्याची इच्छा नाही, करुणा आहे. त्यातूनही पाहा, बॅरलावर झाकण किंवा घट्ट कापड बांधले तर मादी अंडी घालूच शकत नाही आणि मारण्याचा प्रसंगच येत नाही. वाहते गटार हे त्याहून मोठे अहिंसक साधन. केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी जे सांगितले तेही इथे लागू आहे. परंपरेने आले म्हणून मानू नका, कुणी थोर माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि हितकारक ठरले तर स्वीकारा. 'हर्बल' हा शब्दही ह्या कसोटीतून सुटत नाही आणि प्रयोगशाळेचा अहवालही सुटत नाही.

चळवळीने काय करावे? आमच्या मते पाच गोष्टी. एक, वस्तीतल्या तरुणांनी बॅरल, टायर, डबकी, उघड्या टाक्या आणि संडासाचे जाळी नसलेले व्हेंट पाइप ह्यांची मोजून यादी करावी, नकाशा काढावा. ग्रामसभेत भावना नको, आकडे हवेत. दोन, दर आठवड्याला ठरलेल्या वारी बॅरल घासावे, झाकावे, पाइपला जाळी बांधावी आणि पिण्याचे नसलेल्या मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडावेत. पिण्याच्या पाण्यात अळीनाशक टाकायचे झाले तर ते आरोग्य सेवकाने, योग्य मात्रेत. तीन, पाण्याची वेळ आणि गटाराचे काम ह्या दोन मागण्यांचा लेखी ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. त्याची नक्कल मागावी. दाद लागली नाही तर कलम १५२ चा अर्ज तयार ठेवावा. बार रूममध्ये आमच्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांना कामाला लावावे.

चार, कॉलेजातल्या आपल्या मुलांनी तेलावरचे प्रयोग जरूर करावेत. वस्तीच्या बॅरलातल्या अळ्या घ्याव्यात, बांधावरची निरगुडी आणि गवती चहा घ्यावा, आणि तेलाचा परिणाम किती दिवस टिकतो, माशांना काय होते, एका बॅरलाला खर्च किती येतो हे सारे मोजावे. निष्कर्ष मराठीत लिहून विहाराच्या फळ्यावर लावावा. ज्या बायकांनी कोणता पाला कुठे उगवतो हे दाखवले, त्यांना निकाल कळलाच पाहिजे. पाच, ह्या ज्ञानावर कुणी बाहेरचा मालकी सांगू लागला तर जागे राहावे. कडुनिंबाच्या तेलावर आधारित बुरशीनाशकाचे पेटंट युरोपात १९९४ साली एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला मिळाले होते. ते २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले, पण त्यासाठी लढावे लागले. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आपल्या गावात ती आहे काय, त्यात वस्तीतले कुणी आहे काय, हे विचारावे.

काही मित्र म्हणतील, डासांसारखा विषय चळवळीच्या पानावर कशाला? त्यांना २००६ सालची आठवण द्यावीशी वाटते. त्या वर्षी चिकुनगुनियाच्या सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची देशात नोंद झाली आणि महाराष्ट्राला त्याची मोठी झळ बसली. त्या आजारात माणूस सहसा मरत नाही, पण सांधे महिनोन् महिने धरतात. पगारी माणूस रजा टाकतो. रोजंदारीवरच्या बाईला रजा नसते. विळा धरता आला नाही की त्या दिवसाची चूल थांबते. डेंग्यूवर विशिष्ट औषध नाही. रुग्णाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली की सावकाराकडे जावे लागते. अनुच्छेद २१ मधला जगण्याचा अधिकार कागदावर सर्वांना सारखा आहे. डास चावतो तेव्हा तो जात पाहत नाही, हेही खरे. पण डास कुठे जन्मणार हे मात्र जात, पैसा आणि गावाचा उतार ठरवतात. म्हणून हा विषय चळवळीचाच आहे.

त्या आईंना आम्ही नंतर पुन्हा भेटलो. बॅरलावर नातवाने जुन्या लुगड्याचे दुहेरी कापड दोरीने आवळून बांधले होते. पाण्यात अळी नव्हती. आई म्हणाल्या, "तेल न्हाई टाकलं बघा. पर गटार हाय तसंच हाय." आम्ही म्हणालो, आई, कापड तुम्ही बांधले, गटार पंचायतीने बांधायचे आहे. त्यांनी ठरावाच्या अर्जावर पहिला अंगठा उठवला. नातवाने त्याखाली सही केली. वस्तीतल्या इतरांच्या सह्या अजून यायच्या आहेत, आणि ग्रामसभा जवळ आली आहे.

जयभीम!